मागची काच फुटली तेव्हा... तुमचे अनुभव सांगा (अनुभव धागा)

पुणे, धागा सुरू करतेय

मे महिन्यात आमच्याकडे वळवाचा जोरदार पाऊस झाला. सोसायटीच्या कुंपणाला लागून गुलमोहर आहे. त्याची मनगटाएवढी फांदी आमच्या हॅचबॅकच्या डिकीवर पडली. पत्र्याला साधा पोचाही आला नाही, मागची काच मात्र गेली. आवाज ऐकून मी खाली धावले तेव्हा काच चौकटीत उभीच होती, पण पांढरीफटक पडलेली, आणि आतून चुरचुर चुरचुर असा बारीक आवाज येत होता. मी बघत असतानाच मधला भाग आत ढासळला. खडीसाखर सांडावी तसे तुकडे सीटवर, पट्ट्यांच्या फटीत, मुलीच्या कार सीटमध्ये. मुलगी तेव्हा गाडीत नव्हती, हे मी अजूनही दिवसातून दोनदा मनात म्हणते.

पुढच्या चार दिवसांत बरीच धावपळ झाली आणि काही चुकाही झाल्या. फोटो न काढताच मी झाडू हातात घेतला होता, शेजारच्या काकांनी थांबवलं. मग उघड्या भागावर प्लॅस्टिक लावताना खाकी चिकटपट्टी थेट रंगावर चिकटवली. दोन दिवसांच्या उन्हात तिचा डिंक असा बसला की काढता काढता नाकी नऊ आले. आधी कागदी मास्किंग टेप लावून तिच्यावर जाड टेप लावायला हवी होती.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गॅरेजला जाताना मी पुढच्या खिडक्या बंद ठेवल्या होत्या. प्लॅस्टिक वाटेत सुटलं आणि अर्ध्या तासात डोकं गरगरायला लागलं. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर उघड्या डिकीतून आत ओढला जातो, हे मला नंतर कळलं. मागची काच नसेल तर पुढच्या दोन्ही खिडक्या खाली करा, पंखा बाहेरच्या हवेवर ठेवा आणि जवळात जवळचं गॅरेज गाठा. लहान मुलांना तर त्या गाडीत बसवूच नका.

तुकडे वेचायला व्हॅक्यूम क्लीनर वापरलाच, पण सीटच्या विणीत अडकलेले बारीक कण त्याने निघेनात. सासूबाईंनी घट्ट कणकेचा गोळा मळून दिला. तो दाबून उचलला की कण त्याला चिकटून येतात. गोळा नंतर कागदात गुंडाळून फेकायचा, कुत्र्या-मांजराच्या तोंडी लागता कामा नये.

तुमची काच कशी फुटली, कुठे बदलली, किती दिवस गेले, क्लेम केलात का, पावसाळ्यात गळली का, सगळं लिहा. माझी काच अजून बसायची आहे, त्यामुळे मला आत्ताच उपयोग होईल.

नागपूर

आमची घरच्यांच्याच हातून फुटली. पडद्याचे स्टीलचे रॉड आणले होते, ते मागची सीट पाडून आडवे ठेवले. एका रॉडचं टोक बोटभर बाहेर राहिलं होतं. डिकी नेहमीसारखी जोरात खाली ओढली आणि टोक काचेला आतून लागलं. एका क्षणात सगळी काच खाली. तेव्हापासून लांब सामान असलं की डिकी सावकाश टेकवायची, सामान अडत नाही ना ते बघायचं आणि मगच दाबायची, असा घरात नियम केला आहे. काच दुसऱ्या दिवशी मिळाली, कारण गाडी खूप खपणारी होती. भावाच्या कमी खपाच्या गाडीला तीन आठवडे लागले होते.

पिंपरी-चिंचवड, काच बसवण्याच्या कामात २२ वर्षं

ताई, तुमची काच अजून बसायची आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पुढची आणि मागची काच एका जातीची नसते. पुढच्या काचेत दोन काचांच्या मध्ये पातळ प्लॅस्टिकचा पडदा असतो. दगड लागला तर ती कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकते, पण जागेवर राहते. टवका लहान असेल तर रेझिन भरून ती वाचवताही येते. मागची बहुतेक गाड्यांत टफन्ड असते. ती ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून हवेच्या झोताने झटक्यात गार करतात. वरचा थर आधी आवळतो, गाभा मागून गार होतो आणि कायमचा ताणलेला राहतो. म्हणून ती तळहाताचा धक्का सहज सोसते, पण टोकदार वस्तू वरचा थर भेदून गेली किंवा कडेला टवका उडाला की सगळा ताण एकदम सुटतो. तुम्ही ऐकलेली चुरचुर त्याचीच, उरलेले तुकडे आणखी फुटत असतात. अशी काच दुरुस्त होत नाही, बदलावीच लागते. बोथट तुकडे व्हावेत म्हणूनच ती तशी बनवलेली असते. साध्या काचेसारखे सुरे झाले असते तर मागे बसलेल्यांचं काय झालं असतं!

काच मागवताना नुसतं गाडीचं नाव सांगू नका, चेसिस नंबर द्या. एकाच मॉडेलमध्ये डिफॉगर (तापून काचेवरचं धुकं घालवणाऱ्या रेघा) असलेली आणि नसलेली, वायपरचं भोक असलेली आणि नसलेली, अँटेनाच्या रेघा छापलेली अशा वेगवेगळ्या काचा असतात. बसवण्याआधी कोपऱ्यातला शिक्का स्वतः वाचा. आयएसआयची खूण आणि आयएस २५५३ हा आकडा हवा. बनवणाऱ्याचं नावही तिथेच असतं. शिक्का नसलेली काच स्वस्त मिळाली तरी मी माझ्या गाडीला लावणार नाही.

आता चिकटवण्याबद्दल. जुना पीयू (पॉलियुरेथेन, म्हणजे काच पत्र्याला चिकटवणारा पदार्थ) तारेने किंवा पात्याने कापतात. कापताना पत्रा उघडा पाडायचा नाही, जुन्या पीयूचा मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा थर ठेवून त्याच्यावर नवा भरायचा. कुठे ओरखडा गेलाच तर तिथे प्रायमर (आधी द्यायचा अस्तराचा थर) लागलाच पाहिजे, नाहीतर तिथूनच गंज धरतो. काचेच्या कडेची काळी पट्टीही उगीच नसते. ऊन पीयूपर्यंत पोचलं तर तो सडतो, त्याला ती सावली धरते. त्या पट्टीलाही प्रायमर लावायचा. हे सगळं होताना तिथे उभ्या राहा, चांगल्या कारागिराला राग येत नाही.

पीयू हवेतल्या दमटपणाने पिकतो. किती वेळाने गाडी हलवायची ते नळीवर छापलेलं असतं, ते विचारून घ्या. पहिला दिवसभर एक खिडकी दोन बोटं उघडी ठेवा. सगळ्या काचा बंद असताना दार आपटलं की आतली हवा नव्या काचेला बाहेर ढकलते. डिकी आपटू नका. कडेला लावलेली टेप दुसऱ्या दिवसापर्यंत काढू नका. दोन दिवस प्रेशरचं पाणी मारू नका.

रत्नागिरी

वरच्या दादांनी प्रायमरचं लिहिलंय ते कोकणातल्या प्रत्येकाने वाचावं. माडाची झावळ पडून आमच्या सेडानची काच फुटली. घाई होती, म्हणून जवळच्या माणसाकडून बसवून घेतली. त्याने पीयूऐवजी साधं सिलिकॉन भरलं होतं, हे आम्हाला जुलैत कळलं. गाडीत कुबट वास यायला लागला. आधी वाटलं चटया ओल्या राहिल्या असतील. स्टेपनीवरचं झाकण उचललं तर खाली बोटभर पाणी साचलेलं, जॅक गंजलेला, गालिच्याखाली पांढरी बुरशी.

काच परत काढली तेव्हा चौकटीच्या खालच्या कडेला वीतभर गंज होता. तो घासून, प्रायमर देऊन, रंग लावून, दोन दिवस वाळवून मग काच बसली. गंजाच्या कामाचे पैसे काचेइतकेच झाले.

तेव्हा एका जाणत्या मिस्त्रीने तपासायची पद्धत दाखवली ती सांगतो. काच पक्की बसल्यावर डिकीत वर्तमानपत्रं पसरायची. पाइपाची धार हळू ठेवून खालच्या कडेपासून सुरुवात करायची आणि दहा-दहा मिनिटं एकेक बाजू भिजवत वर जायचं. वरून सुरुवात केली तर पाणी नेमकं कुठून शिरतं ते कळत नाही. कागदावर ओला डाग दिसला की ती जागा सापडली. हे पाऊस लागायच्या आधी करा.

ठाणे, विमा कंपनीच्या मोटर विभागातून निवृत्त

क्लेम करावा का, हा प्रश्न मला नातेवाइकांकडून नेहमी येतो. उत्तर कागदावर आकडे मांडूनच मिळतं.

नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर स्वतःच्या काचेचे पैसे मिळत नाहीत. सर्वंकष पॉलिसी असेल तर मिळतात, आणि काचेवर घसारा (भाग जुना झाला म्हणून केलेली कपात) धरत नाहीत, ही ग्राहकाच्या फायद्याची गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांवर मात्र ५० टक्के कापतात. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये आणि त्याच्या वर २,००० रुपये प्रत्येक क्लेममागे स्वतः भरावे लागतात.

आता नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट. तो पहिल्या बिनक्लेम वर्षाला २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. क्लेम केला की पुढच्या नूतनीकरणाला शून्य. समजा तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता १०,००० रुपये आहे आणि यंदा ३५ टक्के सूट मिळाली आहे. क्लेम केला नाहीत तर पुढची पाच वर्षं ४५, ५०, ५०, ५०, ५० टक्के सूट. केलात तर ०, २०, २५, ३५, ४५. फरक ४,५००, ३,०००, २,५००, १,५०० आणि ५०० रुपये, म्हणजे एकूण १२,०००. गाडी जुनी होते तसा हप्ता उतरतो, म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी धरा. सात-आठ हजारांच्या काचेसाठी हे परवडत नाही. पण महागड्या गाडीची, सेन्सर नि कॅमेरा असलेली तीस हजारांची काच असेल, किंवा बोनस संरक्षणाचं पूरक कवच घेतलं असेल, तर जरूर क्लेम करा.

आणि काच बदलून मग कळवू नका. आधी कळवा, पाहणी होऊ द्या. काच फोडून आतली बॅग नेली असेल तर पोलिसांत तक्रार द्याच, पण बॅगेचे पैसे साध्या मोटर पॉलिसीतून मिळत नाहीत, हे धरून चला.

नाशिक

आमची काच फुटली नाही, तरी बदलावी लागली. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाड्यांच्या काचांवर फिल्म लावायला बंदी केली. पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आरपार गेलाच पाहिजे, असा नियम आहे. आम्ही फिल्म काढायला दिली. मागच्या काचेवर राहिलेला डिंक दुकानातल्या मुलाने ब्लेडने खरवडला. डिफॉगरच्या तांबूस रेघा काचेच्या आतल्या बाजूवर छापलेल्या असतात, त्यातल्या सहा तुटल्या. एखादी रेघ तुटली तर चांदी असलेला वीजवाहक रंग लावून सांधता येते. सहा तुटल्यावर मिस्त्रीनेच सांगितलं, हे काम टिकणार नाही. फिल्म काढायची असेल तर वाफेने किंवा साबणाच्या पाण्याने भिजवून, प्लॅस्टिकच्या पट्टीने, रेघांच्या दिशेनेच काढायला सांगा.

मुंबई

बाबांची पद्मिनी टॅक्सी होती. त्या गाडीची काच रबरी बीडिंगमध्ये बसायची, चिकटवण्याचा प्रश्नच नव्हता. मी दहा वर्षांचा असताना मागची काच बसवताना पाहिली होती, ती अजून डोळ्यांसमोर आहे. मिस्त्रीने बीडिंग काचेभोवती चढवलं, त्याच्या बाहेरच्या खाचेत चहूकडून दोरी घातली आणि दोन्ही टोकं खालच्या बाजूला आत लोंबती सोडली. साबणाचं पाणी फासलं. मग तो बाहेरून दोन्ही तळहातांनी काच दाबत राहिला आणि बाबा आत बसून दोरीचं एक टोक हळूहळू ओढत गेले. दोरी निघेल तशी रबराची ओठासारखी कड पत्र्यावर उलटून बसत जाई. चौथा कोपरा बसला तेव्हा टप् असा आवाज झाला आणि बाबांनी आतून काचेवर टिचकी मारली. ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली, तेव्हा मला तो टप् आवाजच आठवला.

एडमंटन, कॅनडा

इथे जानेवारीत उणे २५ मध्ये मागची काच गेली. घरी येऊन काच बसवून देणारे मिळतात, पण इतक्या थंडीत पीयू नीट पिकत नाही म्हणून त्यांनी नकार दिला. गाडी तापवलेल्या वर्कशॉपमध्ये न्यावी लागली आणि रात्रभर तिथेच ठेवली. नव्याने आलेल्या आपल्या लोकांना एवढंच सांगते, बर्फ धरलेल्या काचेवर गरम पाणी कधीही ओतू नका. डिफॉगर लावा आणि दहा मिनिटं थांबा.

पुणे, धागा सुरू करणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. काच शनिवारी बसली, ७,४०० रुपये. आकडे मांडून बघितले आणि क्लेम केला नाही. शिक्का वाचला, प्रायमर लावताना उभी राहिले. काल वर्तमानपत्रं पसरून खालून वर पाणी मारलं. सगळे कागद कोरडे निघाले. मुलीच्या कार सीटच्या बकलमधून मात्र आज पुन्हा दोन कण निघाले. ते बकल सुटं करून धुतल्याशिवाय तिला बसवणार नाही.

पिंपरीच्या दादांना एक विचारायचं आहे. डिफॉगर लावला की खालून तिसऱ्या रेघेच्या आजूबाजूचं धुकं तसंच राहतं. वायर सैल असेल का?

पिंपरी-चिंचवड

वायर सैल असती तर सगळ्याच रेघा गार राहिल्या असत्या. एकच राहते म्हणजे ती मध्ये कुठे तरी तुटली आहे, छपाईत किंवा बसवताना. टेस्टरने पाच मिनिटांत जागा सापडते. तुम्ही स्वतः काही लावू नका, ज्यांनी बसवली त्यांच्याकडे बिल घेऊन याच आठवड्यात जा. नव्या काचेत असा दोष असेल तर काच बदलून मागा.