मदत हवी आहे: महाग फिशिंग रॉड खरंच घेण्यासारखा असतो का?

गळकरी:
सध्या 8 फुटी फायबरग्लास रॉड, 3000 साइझचं स्पिनिंग रील आणि 15 पौंडी ब्रेड (विणलेला दोरा) वापरतो. निम्मा वेळ आमिष लावून रॉड स्टँडला, निम्मा वेळ 15 ते 25 ग्रॅमचे लुअर (फेकून ओढायचं खोटं आमिष). आता कार्बन रॉड घ्यायचाय. लांबी तीच, लुअरचं वजनही तेच लिहिलेलं, तरी दोन रॉडच्या किमतीत चौपट फरक. तो नेमका कशाचा? शिवाय महाग रॉड लवकर तुटतो म्हणतात, ते खरं का?

तंगूस:
स्टँडला ठेवायला आहे तोच रॉड उत्तम. फायबरग्लास मऊ वाकतो, आमिष तोंडात घेतलेल्या माशाला लगेच ओढ लागत नाही, आणि दगडावर आपटला तरी सहसा निभावतो. त्या कामाला महाग कार्बन घेऊ नका.

लुअरचं गणित वेगळं. फेकून गुंडाळायला एक मिनिट धरा, चार तासांत 240 फेकी झाल्या. अशा वेळी रॉडच्या एकूण वजनापेक्षा टोकाकडचं वजन मनगटाला जास्त छळतं. कार्बनचं टोक हलकं असतं, फेकीनंतर त्याची थरथर पटकन थांबते. मग दोरा गाईडना (रॉडवरच्या दोऱ्याच्या रिंगांना) कमी घासतो आणि लुअर लांब जातो. लुअर दगडाला टेकला की शेवाळात शिरला, हेही मुठीत कळतं.

पण फायबरग्लासवरून मधल्या किमतीच्या कार्बनवर आलात की खरी मोठी उडी तिथेच संपते. त्यापुढे पैसे वाढतात तेवढा फरक वाढत नाही. लेबलवरच्या 24 टन, 30 टन, 40 टन या आकड्यांनी भुलू नका. तो कार्बनच्या धाग्याच्या ताठरपणाचा आकडा आहे, रॉडच्या ताकदीचा नाही. पूर्ण रॉडमध्ये तो धागा किती आणि रेझिन (धागे चिकटवणारी राळ) किती, हे त्यावरून कळत नाही.

भरती_ओहोटी:
माझं मत थोडं वेगळं. रीलचा ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा दोरा सोडणारा ब्रेक) झटके देत सुटत असेल तर आधी रील बदला. अडकत सुटणाऱ्या ड्रॅगमुळे दोरा तुटतो, तिथे कुठलाही रॉड वाचवत नाही.

रॉडदुरुस्ती:
तुटण्याबद्दल. जास्त टनाच्या कार्बनची भिंत पातळ ठेवता येते, म्हणून तो हलका होतो आणि आडव्या टोल्याला नाजूकही. फेकताना शिसं किंवा जड लुअर रॉडवर आपटला की बारीक चीर पडते. ती त्या दिवशी दिसतही नाही. पुढे एखाद्या लहान माशावर रॉड तिथूनच मोडतो आणि दोष कंपनीला जातो.

दुसरं कारण, मासा पायाशी आला की रॉड सरळ उभा करणं. मग सगळा बाक शेवटच्या फूटभरात येतो. रॉड पाण्याशी साधारण 45 अंशांत ठेवा, म्हणजे भार खालच्या जाड भागावर जातो. मासा उचलायला जाळी वापरा. ड्रॅग दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर लावा: 15 पौंडी, म्हणजे पावणेसात किलोच्या दोऱ्याला पावणेदोन ते सव्वादोन किलो. स्प्रिंगचा काटा दोऱ्याला बांधून मोजा, अंदाजाने नको.

तिसरं, जोड. दोन तुकडे पूर्ण बसले नाहीत तर बाहेरचा तुकडा तोंडाशी चिरतो. जोडावर मेणबत्तीचं मेण हलकं चोळा, घट्ट बसवा आणि तासाभराने पुन्हा चाचपा, कारण फेकून फेकून तो सैल होतो.

आणि कार्बनमधून वीज वाहते. डोक्यावर विजेच्या तारा असतील तिथे किंवा ढग गडगडत असताना रॉड उभा धरू नका. यात स्वस्त-महाग काही नाही.

गळकरी:
मग घेताना काय तपासू?

रॉडदुरुस्ती:
आधी गाईड. किमतीतला बराच फरक तिथेच असतो. ब्रेडसाठी ॲल्युमिनियम ऑक्साइडची रिंग पुरते. सिलिकॉन कार्बाइड आणखी कडक आणि गुळगुळीत. नुसत्या मुलामा दिलेल्या धातूच्या रिंगेत ब्रेड खाच पाडतो आणि मग तीच खाच ब्रेड कापते. कापसाचा बोळा प्रत्येक रिंगेतून गोल फिरवा. एक तंतू जरी अडकला तरी तो रॉड नको.

मग मुठीकडून डोळा लावून बघा, सगळे गाईड एका रेषेत हवेत. आपलं रील लावून आवळा आणि हलवा. कटकट आवाज आला तर रीलसीट (रील बसवायची जागा) सैल आहे. तोल रीलच्या पायाजवळ, किंचित पुढे यावा. टोक फार खाली झुकत असेल तर हलका रॉडही जड वाटतो.

टोकाचा तुकडा सुटा मिळतो का, हे पैसे देण्याआधी विचारा. महाग रॉडच्या बाबतीत मला हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

गळकरी:
आत्ताच जुन्या रॉडला बोळा लावून पाहिला. टोकाच्या रिंगेत अडकतो, बाकी साफ.

रॉडदुरुस्ती:
मग तेवढीच बदला. लायटरची ज्योत फक्त त्या रिंगेच्या धातूच्या नळीवर पाच-सहा सेकंद फिरवा आणि पक्कडीने सरळ ओढा, पिळू नका. निघाली नाही तर थंड होऊ द्या आणि पुन्हा करा. ज्योत रॉडला लागली तर रेझिन जळतं. टोकाची जाडी कॅलिपरने मोजून त्या मापाची नवी टिप (टोकाची रिंग) आणा आणि हॉट ग्लूने बसवा. गोंद गरम आहे तोवर ती बाकीच्या गाईडच्या रेषेत फिरवून घ्या. दोऱ्याचा पुढचा दोनेक मीटर भाग कापून टाका, तो त्या खाचेवर घासलेला असणार.