सानुकूलन, टूलबार, वर्कस्पेस : ऑटोकॅडमधले शब्द नेमके कशासाठी?

ऑटोकॅड (संगणकावर आराखडे काढायचं सॉफ्टवेअर) शिकणाऱ्यांसाठी मराठीत टिपणं तयार करते आहे. 'टूलबार'ला साधनपट्टी आणि 'कस्टमायझेशन'ला सानुकूलन असे शब्द घेतले. अडचण अशी की रिबन, पॅलेट, वर्कस्पेस हे सगळंच साधनपट्टीच्या खात्यात जमा होतंय. वेगळे शब्द करायला हवेत का? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद

वेगळे ठेवायलाच हवेत, पण नवे घडवायची गरज मला वाटत नाही. टूलबार म्हणजे बटणांची एक पट्टी. ती पडद्यावर मोकळी ठेवा किंवा कडेला चिकटवा. रिबन २००९च्या आवृत्तीपासून आली. तिच्यात टॅब, टॅबमध्ये पॅनेल आणि पॅनेलमध्ये बटणं अशी रचना असते. टूल पॅलेटवर ब्लॉक (पुन्हापुन्हा वापरायच्या तयार आकृत्या), हॅच (आकृतीत भरायच्या रेघांचे नमुने) वगैरे ठेवता येतात आणि तिथून थेट ड्रॉइंगमध्ये ओढून आणता येतात. यातलं काय दिसावं आणि कुठे, याची नाव देऊन जपून ठेवलेली मांडणी म्हणजे वर्कस्पेस.

हा फरक टिपणात ठळक हवा. २०१५च्या आवृत्तीतून 'क्लासिक' वर्कस्पेस काढली, तेव्हा 'टूलबार काढून टाकले' असं बरेच जण म्हणू लागले. टूलबार होते तिथेच होते, गेली होती ती तयार मांडणी. 'मेनूबार' या चलाची (व्हेरिएबलची) किंमत १ केली की वरचा मेनू दिसतो, त्यातल्या 'टूल्स'मधून हवे ते टूलबार बोलावता येतात, आणि ही मांडणी नव्या नावाने वर्कस्पेस म्हणून साठवता येते. शब्द चुकला की माणूस हरवलेली वस्तू भलत्याच जागी शोधत बसतो.

'सानुकूलन' मात्र जरूर ठेवा. 'सानुकूल परिस्थिती' आपण पूर्वीपासून म्हणतो, त्यामुळे अर्थ लगेच पोचतो. फक्त क्रियापद म्हणून 'सानुकूलित करणे' जड होतं. बटणं हलवण्याला 'टूलबार लावून घेणे' म्हणा.

प्रश्नकर्ती

पटलं. पण नुसतं हलवणं आणि स्वतःचं नवं बटण बनवणं, दोन्हींना सानुकूलनच म्हणायचं?

प्रतिसाद

दुसऱ्याला 'बटण बांधणे' म्हणून पाहा. सीयूआय ही आज्ञा दिली की जी खिडकी उघडते, तिथे प्रत्येक बटणामागचा मॅक्रो, म्हणजे बटण दाबल्यावर चालणाऱ्या आज्ञांची ओळ, दिसतो. मॅक्रोची चिन्हं तर विद्यार्थ्यांना शब्दांसारखीच शिकवावीत. सुरुवातीला दोनदा ^सी येतं : आधीची आज्ञा अर्धवट राहिली असेल तर ती रद्द करा. अधोरेषा : आज्ञेचं मूळ इंग्रजी नाव घ्या, सॉफ्टवेअर कुठल्याही भाषेतलं असो. आज्ञेच्या नावाआधीचं संयोगचिन्ह : संवादखिडकी न उघडता प्रश्न कमांड लाइनवर (आज्ञा टाइप करायच्या ओळीत) विचारा. अर्धविराम म्हणजे एंटर, आणि उलटी तिरकी रेघ म्हणजे थांबा, वापरणाऱ्याला बिंदू दाखवू द्या. लिहिताना आपण अर्धविरामाशी थांबतो, इथे तो काम पुढे नेतो. नवशिके नेमके इथेच गोंधळतात, म्हणून हे वेगळ्या चौकटीत द्या.

आणखी एक प्रतिसाद

'शॉर्टकट' या शब्दाचीही फोड करावी. 'एल' टाइप करून एंटर दाबला की लाइन सुरू होते, ते एलियास. मी त्याला 'लघुनाव' म्हणतो. ही लघुनावं पीजीपी फाइलमध्ये असतात. ती बदलल्यावर 'रीइनिट' आज्ञा द्यावी लागते, नाहीतर बदल पुढच्या वेळी सॉफ्टवेअर उघडेपर्यंत लागू होत नाही. कंट्रोलसोबत दाबायच्या कळा मात्र सीयूआयच्या खिडकीतून ठरतात. दोन्हींना शॉर्टकट म्हटलं की विद्यार्थी पीजीपी उघडून त्यात कंट्रोल शोधत राहतो.

प्रश्नकर्ती

'लघुनाव' आणि 'बटण बांधणे' दोन्ही घेते. वर्कस्पेस हा शब्द तसाच ठेवून पहिल्यांदा येईल तिथे 'जपलेली मांडणी' असं समजावून देईन.