ग्वाल्हेरच्या थंडीत तेल की पूड?

लष्करकर: वजन उतरवायला म्हणून डिसेंबर-जानेवारीत सरसकट उद्वर्तन, म्हणजे अंगाला औषधी पूड चोळून घेण्याला माझा विरोध आहे. इथं पारा ५-६ अंशांवर येतो, त्वचा आधीच तडतडलेली. तिच्यावर कुळथाची कोरडी पूड लवीच्या उलट दिशेनं अर्धा तास घासली की केसांच्या मुळाशी पुरळ उठतं. या दिवसांत अभ्यंगच, म्हणजे तेलाची मालिशच हवी. ७०-८० मिली तिळाचं तेल, भांडं गरम पाण्यात ठेवून कोमट केलेलं. हातापायांवर लांब हात, सांध्यांवर गोल. टाळू, कान, तळपाय सोडायचे नाहीत.

मुरारवासी: पुरळ पुडीमुळे उठतं, पद्धतीमुळे नाही. बहुतेक ठिकाणी भरड पूड वापरतात. ती वस्त्रगाळच हवी. त्वचा कोरडी असेल तर आधी दोन चमचे तेल जिरवा, मग पूड. दिवाळीत आपण तेल लावून उटणं लावतो, तोच क्रम. आणि कफ वाढलेल्याला, अजीर्ण झालेल्याला अभ्यंग वर्ज्य असं अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात स्पष्ट आहे. छातीत कफ भरलेल्या माणसाला थंडीत तेलानं माखणं मला तरी पटत नाही.

लष्करकर: कफ-अजीर्णाचं मान्य. पण चोळून चरबी वितळत नाही. घेर कमी होतो तो सोबतच्या पथ्यानं, आणि पैसे घेतात पुडीचे.

दालबाजार: दोघांनीही पोटलीचा, म्हणजे गरम पुरचुंडीनं शेकण्याचा विषय काढला नाही. गुडघे आखडलेल्यांना थंडीत पत्रपोटलीच, म्हणजे पानांची पोटलीच जास्त उपयोगी. निर्गुंडी आणि एरंडाची पानं चिरून, खोबरं, लिंबाच्या फोडी घालून तेलावर परतायची, सुती कापडात घट्ट बांधायची. पोटल्या दोन हव्यात, एक अंगावर असताना दुसरी तव्यावर. प्रत्येक वेळी आधी स्वतःच्या मनगटावर टेकवून बघा. मधुमेहात पायांची संवेदना कमी असते, तिथं चटका बसला तरी कळत नाही. सांधा लाल, गरम, सुजलेला असेल तर शेक नकोच.

मुरारवासी: पोटलीला हरकत नाही. तूप लावून काशाच्या वाटीनं घासताना तळपाय काळे झाले की "उष्णता निघाली" म्हणतात, ते मात्र थांबवा. काशातलं तांबं तुपाशी आणि घामाशी लागून तो रंग येतो.

दालबाजार: रंगाचं बरोबर. तरी झोपेआधी दहा मिनिटं तूप लावून वाटी फिरवल्यानं पाय हलके होतात, म्हणून वाटी सोडू नये. भेगांतून रक्त येत असेल तर तेवढे दिवस नुसतं तूप.