गाठ परत आली तर पुन्हा ऑपरेशन: पालकांचा हट्ट की उपचार?

इंदिरानगरची आई:
“मेंदूतली गाठ परत आली की मुलाला शांतपणे राहू द्यावे, दुसऱ्यांदा डोके उघडणे हा पालकांचा हट्ट असतो,” असे काल पंचवटीकरांनी लिहिले. ते वाचल्यापासून मन थाऱ्यावर नाही. माझ्या मुलाला सहाव्या वर्षी एपेन्डिमोमा ही मेंदूतली गाठ झाली आणि नवव्या वर्षी त्याच जागी गाठ पुन्हा आली. या गाठीवर केमोथेरपीचा फारसा भरवसा धरता येत नाही. शस्त्रक्रियेत ती किती निघते, यावरच पुढचे बरेचसे अवलंबून असते. आम्ही पुन्हा ऑपरेशन केले, पुन्हा रेडिएशनचे शेक दिले. तो आज चौदा वर्षांचा आहे. याला हट्ट म्हणता?

पंचवटीकर:
मुलगा सुखरूप आहे याचा आनंद आहे, मात्र मी माझे म्हणणे मागे घेत नाही. माझ्या पुतणीला मेड्युलोब्लास्टोमा, म्हणजे लहान मेंदूतला कॅन्सर, होता. पहिल्या ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी तिची वाचा गेली आणि ती परत यायला तीन महिने लागले. असे होऊ शकते, हे आधी आम्हाला कोणी सांगितलेही नव्हते. दीड वर्षाने आजार परतला तेव्हा तो मेंदूभोवतीच्या पाण्यातून मणक्यापर्यंत पसरला होता, तरी प्रत्येक नातेवाईक “पुन्हा ऑपरेशन करा” म्हणत होता. डोक्यातली एक गाठ काढून तो कसा थांबला असता? आम्ही नकार दिला. शेवटचे चार महिने ती घरी, आजीच्या कुशीत झोपली. तुमचे लिहिणे वाचून आम्ही तिला वाऱ्यावर सोडले असे वाटते.

देवळालीकर:
आपण दोघे गाठीबद्दल बोलत आहात, पण नाशिकच्या माणसाचा निम्मा निर्णय कसारा घाटातच होतो. माझ्या मुलीची गाठ पायलोसायटिक अ‍ॅस्ट्रोसायटोमा, पहिल्या ग्रेडची, सावकाश वाढणारी. राहिलेला तुकडा वाढला तरी तो काढून मूल पूर्ण बरे होऊ शकते. तरीही दुसरे ऑपरेशन आम्ही वर्षभर लांबवले, कारण प्रत्येक तपासणीसाठी मुंबईला जायला सकाळची पंचवटी एक्सप्रेस, तिथे गेल्यावर बदललेली तारीख आणि बुडालेली मजुरी. महात्मा फुले योजनेतून ऑपरेशनचा खर्च निघाला, मजुरी कोण देणार?

सिडकोचे काका:
नाशिकमध्ये न्यूरोसर्जन नाहीत काय? मुंबईचे वेड सोडा.

देवळालीकर:
काका, हे वेड नाही. पहिल्या ऑपरेशनच्या व्रणामुळे आतले सगळे चिकटलेले असते, त्यामुळे दुसऱ्यांदा हात घालणारा सर्जन लहान मुलांच्या अशा गाठी नेहमी काढणारा असावा लागतो, आणि पॅथॉलॉजी, रेडिएशन व लहान मुलांचा अतिदक्षता विभाग एकत्र लागतो. पुन्हा शेक द्यायची वेळ आली तर प्रोटॉन किरणांची सोय खारघरला टाटा मेमोरियलच्या अ‍ॅक्ट्रेक केंद्रात आहे. दादरच्या धर्मशाळेत रात्री काढलेल्या माणसाला वेड म्हणण्यापूर्वी आपण एकदा तिथे जाऊन यावे.

सिडकोचे काका:
शब्द चुकला. पण ही सोय नाशिकला का असू नये, हा माझा प्रश्न कायम आहे.

इंदिरानगरची आई:
पंचवटीकर, आजार मणक्यापर्यंत पसरल्यावर तुम्ही घेतलेला निर्णय मला चुकीचा वाटत नाही. हे लिहायला जड जाते, पण ते खरे आहे. तरी तुमचे वाक्य उद्या एपेन्डिमोमाच्या मुलाचा बाप वाचेल आणि घरी बसेल, ही भीती माझ्या मनातून जात नाही.

पंचवटीकर:
“हट्ट” हा शब्द काढतो, आणि गाठ कोणती, ती कुठवर पसरली आहे, हे आधी विचारा, असे त्या जागी लिहितो. यापेक्षा जास्त माझ्याकडून अपेक्षा धरू नका.

देवळालीकर:
मुलीचा पुढचा एमआरआय मंगळवारी आहे. त्या दिवशी पंचवटीने कोणी निघत असेल, तर कळवावे.