मदत हवी आहे: फोटोतला भूकोकीळ सुमात्राचा की बोर्निओचा?

नमस्कार मंडळी,

आमच्या पक्षीमित्रांच्या गटासाठी 'अंडी दुसऱ्याच्या घरट्यात न घालणारे कोकीळ' असा स्लाइड-शो करतोय. आपल्या भारद्वाजापासून सुरुवात आहे, शेवट आग्नेय आशियातल्या भूकोकिळांवर. तिथेच गाडी अडलीय.

हाताशी दोन जुने फोटो आहेत. दोन्हींखाली 'सुंदा भूकोकीळ' एवढंच. १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत सुमात्रा आणि बोर्निओचे पक्षी एकाच जातीत धरत, त्यामुळे त्या मथळ्यावरून काहीच ठरत नाही. बेट कुठलं तेही लिहिलेलं नाही.

वाचून जमवलंय ते असं: बोर्निओचा आकाराने मोठा, डोकं काळंभोर, गळा-छाती राखाडी, पोट पांढुरकं आणि त्यावर आडवे पट्टे. सुमात्राचा थोडा लहान, पाठ मळकट हिरवी, पोट बदामी-तांबूस. चोच दोघांचीही हिरवीच. पहिल्या फोटोतलं पोट मला बदामी वाटतंय, पण फ्लॅशचा पिवळेपणाही असू शकतो. दुसरा तर कृष्णधवल, त्यात रंगाचं नावच नको.

सुमात्राचा निघाला तर स्लाइडचा सूरच बदलेल. १९१६ नंतर तो थेट १९९७ मध्ये बुकित बारिसान सेलातान राष्ट्रीय उद्यानात सापडला. बोर्निओचाही काही सुखात नाही, सखल भागातलं जंगल तुटतंय, पण निदान किनाबातांगन नदीकाठी लोक होडीतून तो शोधायला तरी जातात. रानडुकरांच्या मागे फिरून, त्यांनी उकरलेल्या पाचोळ्यातले किडे टिपतो म्हणे. हे वाचल्यापासून माझा जीव त्याच्यावरच जडलाय!

तर प्रश्न:

रंग बाजूला ठेवून, नुसत्या पट्ट्यांवरून किंवा डोक्या-गळ्याच्या गडद-फिक्या फरकावरून कृष्णधवल फोटोतला पक्षी ओळखता येईल का? आणि डोळ्याभोवतीच्या उघड्या कातडीचा रंग कितपत भरवशाचा? सुमात्राच्या पक्ष्यात तिथे हिरवा, फिका जांभळा आणि निळा असे तिन्ही रंग असतात.

साबाला (बोर्निओवरचं मलेशियाचं राज्य) जाऊन आलेलं कुणी असेल तर सोन्याहून पिवळं. 'दोन्ही फोटो वगळ' हा सल्लाही चालेल, फक्त कारण सांगा.

ता. क.: थायलंड-व्हिएतनामकडचा लाल चोचीचा भूकोकीळ मला माहीत आहे, तो हा नव्हे.