खारीला आता जाऊ द्यावं का? कसं ठरवायचं तेच कळत नाहीये

सायली_नाशिक

नमस्कार. लिहू की नको करत आठवडा गेला. आत्ता रात्रीचा दीड वाजलाय, हिच्या शेजारी जमिनीवर बसून मोबाईलवर टाइप करतेय, चुका सांभाळून घ्या.

आमची खारी, गावठी कुत्री, चौदा वर्षांची. माझं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं तेव्हा बाबांनी तिला भर पावसात गटारातून उचलून आणली आणि पहिले दोन दिवस चहात बुडवलेली खारी सोडून ती कशालाच तोंड लावेना, म्हणून नाव खारी. मार्चमध्ये किडनीचं निदान झालं, तेव्हा क्रिएटिनिन (रक्ततपासणीतला आकडा, किडनी बिघडेल तसा वाढतो) ३.९ होतं, मागच्या आठवड्यात ८.२ आलं. एक दिवसाआड घरीच कातडीखाली सलाइन देतो, मी सुई लावायला शिकले, बाबा बाटली वर धरून उभे राहतात. वजन १९ किलो होतं ते आता १२. तोंडात फोड आलेत, श्वासाला नवसागरासारखा वास येतो. फरशीवर पाय फाकतात म्हणून हॉलभर सतरंज्या नि योगा मॅट अंथरल्यात. चार दिवस झाले, पाणी पिते आणि दहा मिनिटांत उलटून टाकते, झोपेत शू होते आणि मग ती अशी बघते की जणू तिनेच काहीतरी चूक केलीये, ते मला बघवत नाही.

डॉक्टर म्हणाले, आता औषधाने फार काही होणार नाही, तुम्ही ठरवा, मी घरी येईन. पण बाबांच्या चपलांचा आवाज आला की ती अजूनही शेपूट आपटते. डोकं उचलत नाही, पण शेपूट आपटते. बाबा म्हणतात, बघ, तिला जगायचंय, आणि जो जीव आपण देऊ शकत नाही तो घ्यायचा आपल्याला काय अधिकार. बाबा ७३चे आहेत, आई गेल्यापासून सकाळ-संध्याकाळ ते आणि खारी. मी त्यांच्याशी भांडू शकत नाही आणि खारीचे हाल पण बघू शकत नाही.

वेळ आलीये हे तुम्ही कसं ओळखलंत? नक्की काय करतात, तिला कळतं का? आणि माझ्या आठ वर्षांच्या मुलीला काय सांगू?

मृदुला_ठाणे

सायली, तुझं वाचून रडू आलं गं. आम्ही काय केलं ते सांगते, तू तसं करू नकोस एवढ्यासाठीच.

आमच्या ब्रूनोला (लॅब, अकरा वर्षांचा) प्लीहेवर गाठ होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की ही कधीही फुटेल, त्याआधी शांतपणे निरोप द्या. आम्ही म्हटलं गणपती होऊ देत, दादा बंगलोरहून येतोय, त्याला भेटू दे. गौरी जेवल्या त्या रात्री अडीचला गाठ फुटली. हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या, पोट टम्म फुगलं. रात्री उघडा दवाखाना शोधत निघालो आणि घोडबंदर रोडवर ट्रकच्या रांगेत, मागच्या सीटवर, माझ्या मांडीवर गेला. आरामात नाही गेला. धापा टाकत, घाबरून. दादा सकाळी पोचला.

सहा वर्षं झाली याला. थांबलो ते आमच्यासाठी, त्याच्यासाठी नाही, आणि हे मला अजून कुणी म्हटलेलं नाही पण मला माहितीये. तुमच्याकडे डॉक्टर घरी यायला तयार आहेत ही फार मोठी गोष्ट आहे, ती हातची घालवू नका.

पशुवैद्य_सातारा

सायलीताई, मी लहान जनावरांची प्रॅक्टिस करतो. तुमच्या डॉक्टरांनी तिला पाहिलंय, मी नाही, त्यामुळे शेवटचा शब्द त्यांचा. पण तुम्ही विचारलंय ते सविस्तर सांगतो कारण बऱ्याच घरांत हे कुणी बसून सांगत नाही.

आधी शेपटीचं. शेपूट हलते ती बाबांवरच्या मायेने, दुखत नाही म्हणून नाही. मी मोडलेल्या कमरेने शेपूट हलवणारी कुत्री पाहिली आहेत. कुत्रा दुखणं लपवतो, ओरडत नाही म्हणजे बरं आहे असं समजू नका. रात्री एका जागी पडवत नाही, नुसतं बसून धाप लागते, कोपऱ्यात तोंड करून बसते, अंगाला हात लावला की कातडी थरथरते, हे बघा.

अमेरिकेतल्या डॉ. अॅलिस व्हिलालोबोस, प्राण्यांच्या कॅन्सरच्या डॉक्टर, यांनी २००४ मध्ये एक साधी पद्धत मांडली, आम्ही ती वापरतो. दुखणं, भूक, अंगातलं पाणी, स्वच्छता, आनंद, चालणं-फिरणं आणि वाईट दिवसांपेक्षा बरे दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना दहापैकी मार्क द्यायचे. एकूण ३५च्या वर असेल तर सांभाळायला हरकत नाही. पण घरच्यांना आकड्यांपेक्षा एक सोपं काम मी सांगतो. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर रोज रात्री खूण करा, दिवस बरा गेला तर बरोबरची, वाईट गेला तर फुली. आणि पेन तुम्ही घेऊ नका, बाबांच्या हातात द्या.

आता प्रत्यक्ष काय होतं. आधी स्नायूत भुलीचं इंजेक्शन, एवढंच काय ते टोचल्याचं कळतं, दहा-पंधरा मिनिटांत गाढ झोप लागते. किडनीच्या पेशंटची शीर सुकलेली असते, पटकन सापडत नाही, म्हणून ही आधीची भूल फार महत्त्वाची, नाहीतर जागेपणी चार ठिकाणी टोचावं लागतं. मग पुढच्या पायाच्या शिरेतून थायोपेंटोन किंवा पेंटोबार्बिटोन जास्त मात्रेत देतात. ही मुळात भुलीचीच औषधं आहेत. आधी मेंदू झोपतो, मग श्वास थांबतो, मग हृदय, बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत. डोळे उघडेच राहतात. नंतर एखादा मोठा श्वास घेतल्यासारखं होतं, पाय थरथरतो, शू-शी होऊ शकते. हे आधी माहीत नसेल तर माणसं हादरतात, वाटतं ती परत जागी झाली. ती नसते त्यात. खाली जुनी चादर घाला आणि डॉक्टर स्टेथोस्कोप लावून सांगेपर्यंत हात काढू नका.

एक गोष्ट नक्की विचारा: आधी पूर्ण भूल देणार ना? शुद्धीत असलेल्या जनावराला थेट मॅग्नेशियम सल्फेट किंवा पोटॅशियम क्लोराइड देणं ही क्रूरता आहे, स्वस्तात होतं म्हणून कुठे कुठे अजून करतात. सरळ नाही म्हणा. आणि दुखतंय म्हणून घरातली ब्रुफेन, क्रोसिन अजिबात देऊ नका.

तुषार_के

माफ करा पण मला वेगळं वाटतं. आमच्या आईची मांजर सतरा वर्षांची होऊन देव्हाऱ्याखाली झोपेत गेली. कुणी काही केलं नाही. निसर्गाला त्याचं काम करू द्यावं, एवढी घाई का?

पशुवैद्य_सातारा

तुषार, तुमच्या मांजरीसारखं मरण सगळ्यांना यावं असं मलाही मनापासून वाटतं. पण किडनीचं मरण झोपेतलं नसतं हो. रक्तात विष साठत जातं, उलट्या, तोंडात जखमा, शेवटी फिट्स येतात, आणि हे कधी कधी पाच-सहा दिवस चालतं. तसंही कातडीखाली सलाइन लावून आपण निसर्गाला कधीच थांबवलंय, मार्चपासून ती त्याच्यावरच आहे.

विश्वासराव_मिरज

सायली, तुझ्या वडिलांच्या वयाचा आहे म्हणून एकेरीत लिहितो. त्यांचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नकोस, तो खरा प्रश्न आहे. त्यांना एक हकिगत वाचून दाखव.

१९२८ साली साबरमती आश्रमात एक वासरू पांगळं होऊन पडलं होतं. कूस बदलवत नव्हती, डॉक्टरांनी आशा सोडली होती. गांधीजींनी आश्रमातल्या लोकांना विचारलं. एका सहकाऱ्याने अगदी हाच आक्षेप घेतला होता, जे आपण निर्माण करू शकत नाही ते घेण्याचा हक्क नाही. गांधीजींचं म्हणणं पडलं की स्वार्थासाठी जीव घेतला तर हा आक्षेप बरोबर, इथे तो लागू होत नाही. त्यांनी स्वतः समोर उभं राहून डॉक्टरांकडून इंजेक्शन देववलं, दोन मिनिटांच्या आत सगळं संपलं. मग त्यांनी ते लपवलं नाही, ‘नवजीवन’ आणि ‘यंग इंडिया’त लिहिलं, आणि लोकांनी रागारागाने पत्रं लिहिली. ज्या माणसाने आयुष्य अहिंसेवर काढलं त्याने हे केलं.

मी स्वतः २०१५ मध्ये आमच्या राजाला असाच निरोप दिला. त्याआधी महिनाभर वडिलांसारखंच बोलत होतो. त्यांना अधिकाराची भीती नाहीये, तुझी आई गेल्यावर घरात पाऊल वाजणारी ती एकच उरलीये. ते आधी बोल त्यांच्याशी, इंजेक्शनचं नंतर.

अनघा_जोशी

मुलीबद्दल सांगते. आमच्या मनीच्या वेळी मी मुलाला म्हटलं, डॉक्टरकाकांनी तिला झोपवलं. तेव्हा तो सहाचा होता. पुढचे तीन आठवडे रात्री झोपायला तयार नाही. एकदा ताप आला तर मला म्हणाला, आई मला डॉक्टरकडे नको नेऊ, ते झोपवतात. त्यामुळे ‘झोपवलं’ म्हणू नकोस, गावाला पाठवलं असं तर मुळीच नको, मुलं वाट बघत बसतात. सरळ सांग की खारीचं शरीर आता बरं होणार नाही, डॉक्टर असं औषध देतील की ती मरेल आणि तिला दुखणार नाही, माणसांच्या तापावर देतात ते औषध हे नाही. रडली तर रडू दे, तूही रड तिच्यासमोर.

मृदुला_ठाणे

आणि नंतर कुठे न्यायचं ते आधीच ठरवून ठेव, त्या क्षणी फोनाफोनी होत नाही. मुंबईत आता मालाडला महापालिकेची लहान प्राण्यांसाठी गॅसवरची दाहिनी आहे, २०२३ला सुरू झाली, आमच्या वेळी काहीच नव्हतं. तुमच्याकडच्या महापालिकेत विचारून बघ.

सायली_नाशिक

आठ दिवसांनी लिहितेय. तुम्हा सगळ्यांना काय म्हणू.

कालनिर्णय बाबांच्या हातात दिलं. काही बोलले नाहीत, पेन शर्टच्या खिशाला लावून ठेवलं. काल बघितलं तर पाच फुल्या, सोमवारी एक बरोबर (त्या दिवशी तिने दोन चमचे भात खाल्ला होता) आणि गुरुवारची चौकट रिकामी. विचारलं तर म्हणाले, त्या दिवशी लिहवलं नाही. गुरुवारी तिला पहिली फिट आली होती, मी ऑफिसात होते आणि त्यांनी मला सांगितलंच नव्हतं.

विश्वासकाका, वासराची गोष्ट वाचून दाखवली. त्यांनी दोनदा वाचायला लावली. मग बराच वेळ तिच्या कानामागे खाजवत बसले आणि म्हणाले, त्या डॉक्टरला विचार, रविवारी जमेल का, आणि तिला उचलून कुठे नेऊ नका, इथेच, माझ्या खाटेजवळ.

तर उद्या सकाळी अकराला. डॉक्टरांना भुलीचं विचारलं, आधी देणार म्हणाले. दिंडोरीला काकांच्या मळ्यात आंब्याखाली खड्डा घेतलाय. मुलीला अनघा म्हणाली तसंच सांगितलं, तिने खारीसाठी चित्र काढलंय, ते सोबत ठेवायचंय. बाबांनी तिची गोधडी धुवायला दिली नाही.

डॉक्टर, दोन गोष्टी. खड्डा किती खोल हवा? आणि सहा महिने पथ्य चाललंय, उद्या सकाळी तिला चहात बुडवून खारी दिली तर चालेल का? बाबा विचारतायत.

पशुवैद्य_सातारा

खड्डा चार फुटांच्या वर, विहिरीपासून लांब, वर दगड ठेवा. औषध शरीरात राहतं, कुत्र्यांनी किंवा पक्ष्यांनी उकरून खाल्लं तर तेही मरतात.

खारी द्या. अगदी छोटा तुकडा, भुलीने उलटी होऊ शकते म्हणून. नाही गिळली तर नुसती तोंडाला लावा. बाबांच्या हातून द्या.