शेपूवरच्या अळ्यांचे कोष हिवाळ्यात घरात ठेवावेत की बाहेर?

आम्ही न्यू जर्सीत राहतो. परसातल्या शेपूवर दर उन्हाळ्यात ब्लॅक स्वॅलोटेल फुलपाखराच्या अळ्या येतात. हिरव्या अंगावर काळे पट्टे, त्यात पिवळे ठिपके. डिवचलं की नारिंगी शिंगं काढतात आणि उग्र वास सोडतात. जुलैतले कोष दोन आठवड्यांच्या आत फुटले. सप्टेंबरअखेरीच्या अळ्यांनी कमरेला धागा बांधून जे कोष केले, ते मात्र नोव्हेंबर संपत आला तरी तसेच आहेत. रंग वाळक्या काडीसारखा तपकिरी.

आई पुण्याहून म्हणते, "मेले असतील गं, आपल्या कढीपत्त्यावरचे कुठे इतके थांबतात?" पण हाताला भरीव लागतात, टाकवत नाहीत. सध्या हॉलमध्ये आहेत, तिथे हीटर चालू असतो. ऐन थंडीत फुलपाखरं बाहेर आली तर त्यांना फुलं कुठून आणू? कोणी हे केलं असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद:
टाकू नका, जिवंत आहेत! दिवस लहान होताहेत हे अळीला अळी असतानाच जाणवतं आणि हिवाळा कोषात काढायचा हे तेव्हाच ठरतं. मग कोषातला मेंदू वाढीला चालना देणारं संप्रेरक सोडत नाही, पंख घडायचे थांबतात. बरेच आठवडे थंडी मिळाली की हा अडसर निघतो. हार्वर्डच्या कॅरोल विल्यम्स यांनी 1940च्या दशकात सिक्रोपिया पतंगावर हे दाखवलं: थंडीत ठेवलेल्या कोषातला मेंदू सुप्त कोषात बसवला, तर त्याचीही वाढ सुरू झाली.

त्यामुळे हॉलची ऊबच धोक्याची. कोष अवेळी फुटतील किंवा सुकतील. काडीसकट जाळीच्या पिंजऱ्यात घालून हीटर नसलेल्या गॅरेजमध्ये ठेवा. गोठणाऱ्या थंडीला घाबरू नका, ती त्यांना सोसते. एप्रिलमध्ये बाहेर सावलीत टांगा. कोष हलका, पोकळ झाला किंवा काळा पडून मऊ लागला तरच मेला समजा. गोल भोक दिसलं तर आतून परजीवी गांधीलमाशी निघून गेली.

धागाकर्ती:
खूप आभार, आजच हलवते. गॅरेजमध्ये उंदीर आहेत, कापडी जाळी पुरेल का?

प्रतिसाद:
नाही, कुरतडतील. बारीक तारेची जाळी घ्या आणि पिंजरा छतापासून टांगा.